दुपारडोंगराचा निकाल

ग्रीतेदाल खोऱ्यात माणसं अकराशे चाळीस आणि मेंढ्या नऊ हजार. मेंढ्यांचं एकमत लवकर होतं. माणसांचं तसं नाही. शेजारच्या पालिकेत विलीन व्हायचा प्रस्ताव दोनदा आला आणि दोनदा आपटला. दोन्ही वेळा विरोधात मत देणारे घरी जाताना आपसात भांडत गेले, कारण प्रत्येकाचा विरोध वेगळ्या कारणासाठी होता.

भांडणाला मुळात जमीनच जबाबदार आहे. नदी पश्चिमेकडून पूर्वेला सरळ वाहत जाते आणि खोऱ्याचे दोन काप करते. उत्तरेच्या काठावर उन्हाची बाजू, दक्षिणेच्या काठावर सावलीची. उन्हाच्या बाजूला ऐन डिसेंबरातही सूर्य तास-दोन तास हजेरी लावून जातो. सावलीच्या बाजूला नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत, मोजून अकरा आठवडे, त्याचं तोंड दिसत नाही. त्यामुळे उन्हाच्या बाजूची माणसं नाक जरा वर करूनच चालतात. त्या नाकावर ऊन पडतं ना, म्हणून.

हाल्दिस सावलीच्या बाजूची. ब्रेक्के नावाच्या शेताखाली तिचं छोटं पिवळं घर. अडतीस वर्षं तिने खोऱ्यातल्या पोरांना इतिहास-भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर पालिकेने तिच्या गळ्यात खोऱ्याच्या पुस्तकाचा चौथा, म्हणजे शेतांचा, खंड अडकवला. आमच्याकडे प्रत्येक पालिकेचं असं पुस्तक असतं. त्यात एकेका शेताचा, म्हणजे घर-गोठ्यासकट साऱ्या वाडीचा इतिहास, पिढ्यानपिढ्यांचा: कोण जन्मलं, कोणाशी लग्न केलं, कोण अमेरिकेला गेलं, कोण परत आलं आणि का परत आलं हे का विचारायचं नाही. बाकी घरात काही वाचो न वाचो, हे पुस्तक प्रत्येक जण वाचतो. आधी स्वतःचं शेत, मग शेजाऱ्याचं, चुका काढायला.

सहा वर्षं खपून हाल्दिसने सगळं लिहून काढलं होतं. अडलं होतं एकाच ठिकाणी. पहिलं प्रकरण खोऱ्यातल्या सर्वांत जुन्या शेताला द्यायची रीत आहे आणि सर्वांत जुनं कोणतं हेच ठरत नव्हतं. उन्हाच्या बाजूचं सोल्हाइम म्हणायचं, आम्ही. तशी कोरीव पाटीच फाटकावर होती. सावलीच्या बाजूचे म्हणायचे, ब्रेक्के. ब्रेक्केची मालकीण, एक्याण्णव वर्षांची गुन्वोरआजी, स्वतः काहीच म्हणायची नाही. तिच्या वतीने भांडायला बाकीचे होते. जुने कागद पाहावे तर ते दोनशे वर्षांपूर्वी पाद्र्याच्या स्वयंपाकघराबरोबर जळून गेलेले.

आता सोल्हाइमचा स्वाइनुंग. वय एकोणसत्तर, विधुर, खांदे दारात न मावणारे आणि अभिमान कोठारात न मावणारा. शेत त्याने मुलीच्या हवाली केलं होतं आणि स्वतः त्याच अंगणात, निवृत्त मालकासाठी बांधलेल्या छोट्या घरात राहायचा. दर गुरुवारी तो हाल्दिसकडे कॉफीला यायचा. निमित्त पुस्तकाचं. हाल्दिसला स्वाइनुंग आवडायचा. उगाच आडून कशाला सांगायचं? तिने लग्न केलं नव्हतं, करायचं राहून गेलं होतं आणि गुरुवारी सकाळी ती दोनदा केस विंचरायची.

ऑगस्टात त्याने तिला डोंगरावरच्या दलदलीत नेलं, पिवळ्या बेरी वेचायला. बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण आमच्याकडे बेरीची जागा मरतानासुद्धा कोणी सांगत नाही. स्वाइनुंगने ती सख्ख्या भावाला सांगितली नव्हती. हाल्दिसने ती सोनेरी दलदल पाहिली आणि पुढचं त्याने बोलायच्या आधीच तिला कळलं.

"माझ्या घरात एक खुर्ची रिकामी आहे," स्वाइनुंग बादलीत बघत म्हणाला. "खिडकीजवळची. हिवाळ्यात तिथे ऊन येतं."

"मला लग्नाचं विचारतोयस की खुर्ची विकतोयस?"

"लग्नाचं. ख्रिसमसच्या आत सांग."

"पुस्तक छापायला गेलं की सांगते," हाल्दिस म्हणाली.

दुसरं काय म्हणणार? आधी होकार द्यावा आणि मग पहिलं प्रकरण सोल्हाइमला द्यावं, तर सगळं खोरं म्हणणार, बाईने उन्हासाठी इतिहास विकला. पहिलं प्रकरण ब्रेक्केला द्यावं, तर स्वाइनुंगच्या वर्मी घाव बसणार. तो पुन्हा गुरुवारी येईल का, याची तिला खात्री नव्हती. दलदलीतून उतरताना ती इतकी सुखात होती आणि इतकी घाबरलेली होती की वेचलेल्या बेरी तिथेच विसरून आली.

तोड काढली तुर्गिल्सने. तुर्गिल्स म्हणजे पुस्तक समितीचा अध्यक्ष, पेट्रोलपंपाचा मालक आणि हाल्दिसचा जुना विद्यार्थी, भूगोलात जेमतेम पास.

"बाई, आपला दुपारडोंगर!" तो बैठकीत ओरडला. "जुन्या लोकांकडे घड्याळं कुठे होती? अंगणात उभं राहायचं, सूर्य कुठल्या शिखरावर आला ते बघायचं. ज्याच्यावर भरदुपारी यायचा, त्याला नाव दिलं दुपारडोंगर. पण नाव कोणी दिलं? जो इथे पहिला राहायला आला त्याने! म्हणजे ज्या अंगणातून भरदुपारी सूर्य बरोब्बर त्या शिखरावर दिसेल, ते शेत जुनं. खेळ खलास."

हाल्दिसला त्याला तिथल्या तिथे पैकीच्या पैकी गुण द्यावेसे वाटले. समितीच्या सातही जणांनी हात वर केले. तिने स्वतःच्या सुवाच्य अक्षरात सूचना लिहिली आणि दुकानाच्या दारावर लावली: शनिवारी, बरोबर बारा वाजता, दोन्ही अंगणांत एकाच वेळी पाहणी. सर्वांनी यावे.

पहिल्या शनिवारी धुकं. दुसऱ्या शनिवारी धुकं आणि वर पाऊस. तिसऱ्या, वीस सप्टेंबरच्या शनिवारी आकाश असं स्वच्छ निघालं की कोणाला काही बोलायला जागा राहिली नाही.

सोल्हाइमच्या अंगणात साठ माणसं जमली. स्वाइनुंगने झेंडा चढवला होता. मोठ्या पातेल्यात आंबट सायीची खीर रटरटत होती, वर लोणी तरंगत होतं, बाजूला वाळवलेल्या मटणाचे काप. निकालाआधीच जेवण घालणारा हा पहिलाच उमेदवार. त्याने एका खांबाला दोरी आणि दोरीला शिसं बांधून ओळंबा टांगला होता. दोरीची रेघ, शिखर आणि सूर्य, तिन्ही एका रेषेत यायला हवेत. तुर्गिल्स पलीकडे ब्रेक्केच्या अंगणात तसाच ओळंबा आणि फोन घेऊन उभा होता.

रेडिओवर बाराचे ठोके पडले. धूर लावून काळी केलेली काच साठ जणांत फिरली. सूर्य दोरीवर होता. दोरी शिखरावर होती. केसाचंही अंतर नाही.

"तुर्गिल्स, तुझ्याकडे काय?" कोणीतरी फोन स्पीकरवर टाकून विचारलं.

"पार डावीकडे!" फोनमधून रडवेला आवाज आला. "डोंगराच्या जवळपाससुद्धा नाही."

उन्हाच्या बाजूने टोप्या उडवल्या. सावलीच्या बाजूने मूग गिळून खिरीच्या वाट्या उचलल्या. स्वाइनुंगने मात्र टोप्यांकडे पाहिलं नाही. त्याने हाल्दिसकडे पाहिलं. त्याचे कान लालबुंद झाले होते, शाळकरी मुलासारखे.

हाल्दिसचा जीव भांड्यात पडला. खरं तेच लिहायचं आणि ते तिच्या माणसाच्या बाजूनेच निघालं. एवढं नशीब आयुष्यात किती वेळा वाट्याला येतं? खिडकीजवळच्या त्या खुर्चीला कुठल्या रंगाची उशी शोभेल, इथपर्यंत तिचा विचार पोचला. कॉफीचा कप टेकवायला ती झेंड्याच्या खांबापाशी गेली आणि तिला खांबाची सावली दिसली.

भरदुपारी सावली उत्तरेला पडते. पूर्व-पश्चिम वाहणाऱ्या नदीला ती काटकोनात असायला हवी. ही सावली पश्चिमेकडे, नदीच्या वरच्या अंगाला चांगलीच कलंडली होती. शिंगरू लगामाला हिसका देतं तशी.

भरदुपार झालेलीच नव्हती. घड्याळात बारा वाजले होते, एवढंच. आणि ती सूचना कोणी लिहिली होती? तिने. भूगोलाच्या बाईने. स्वतःच्या सुवाच्य अक्षरात.

ती तिथेच उभी राहिली. कॉफी निवली. साठ माणसांपैकी कोणाच्याही हे लक्षात येणार नव्हतं. निम्मे तिच्या हाताखाली शिकले होते, त्यामुळे ती खात्रीने सांगू शकत होती. तिने गप्प बसायचं, कप धुवायचा आणि पहिलं प्रकरण लिहायचं, बस्स. समोर स्वाइनुंग कोणाला तरी दुसऱ्यांदा खीर वाढत होता आणि हसत होता. त्याची बायको गेल्यापासून तो असा हसलेला तिने पाहिला नव्हता. हाल्दिसला रडू आलं. ते गिळून ती बाकावर चढली.

"सगळ्यांनी इकडे लक्ष द्या."

साठ माणसं एकदम गप्प झाली. अडतीस वर्षांची सवय.

"चूक झाली आहे. माझी. आत्ता भरदुपार नाही. सरकारने उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे ढकलली आहेत. शिवाय देशाचं घड्याळ ज्या रेषेवर लावतात ती आपल्या बरीच पूर्वेला आहे, तिथे सूर्य आधी येतो. डोंगराला नाव देणाऱ्यांना ना सरकारचं घड्याळ माहीत होतं, ना ती रेषा. त्यांची दुपार म्हणजे सूर्य नेमका दक्षिणेला. आज ती व्हायला अजून वेळ आहे."

"पुन्हा तास सुरू झाला," मागून कोणीतरी कण्हलं.

"किती वेळ?" स्वाइनुंगने विचारलं. पळी त्याच्या हातात तशीच होती.

"एक वाजून एकोणीस मिनिटांनी होईल," हाल्दिस म्हणाली. त्याच्याकडे बघणं तिला जमलं नाही.

"म्हणजे तोपर्यंत सूर्य..." त्याने डोंगराकडे पाहिलं. मग पुढचं त्याचं त्यालाच कळलं. त्याने पळी पातेल्यात ठेवली, शांतपणे, आणि आपल्या घरात गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

एक वाजता सगळी वरात गाड्या घेऊन पुलावरून ब्रेक्केला निघाली. सोल्हाइमच्या ओळंब्यावरून सूर्य केव्हाच उजवीकडे सरकला होता. ब्रेक्केच्या अंगणात तुर्गिल्स हात चोळत उभा होता. एक वाजून एकोणीस मिनिटं झाली. सूर्य, दोरी, शिखर. काच फिरली, पण या वेळी कोणी टोपी उडवली नाही. सावलीच्या बाजूच्या लोकांना जिंकायची सवय नाही, काय करायचं ते त्यांना सुचलं नाही.

गुन्वोरआजी स्वयंपाकघराच्या दारात आली. ॲप्रनला हात पुसत तिने गर्दी पाहिली.

"कोण मेलं?"

"कोणी नाही, आजी," तुर्गिल्स म्हणाला. "दुपारडोंगर तुमचा निघाला! भरदुपारी सूर्य तुमच्या अंगणातून शिखरावर येतो!"

"मग? येतोच. सूर्य तिथे आला की मी बटाटे उतरवते. माझ्या सासूने तेच केलं, तिच्या सासूने तेच."

"अहो, मग सांगितलं का नाही? तीन शनिवार झाले, खोरं पेटलंय!"

"तू मला काय विचारलंस? बारा वाजता सूर्य शिखरावर असतो का? मी म्हटलं, नाही. केव्हा असतो, ते तू विचारलं नाहीस." आजीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "लहानपणापासून असाच. अर्धं ऐकतो आणि पळतो. आता आलाच आहात तर बटाटे खाऊन जा. पुरणार नाहीत, पण जा खाऊन."

हाल्दिस खायला थांबली नाही. घरी गेली आणि टेबलाशी बसून पहिलं प्रकरण लिहिलं: ब्रेक्के. एका बैठकीत. चांगलं उतरलं आणि त्याचाच तिला राग आला.

गुरुवारी तिने केस एकदाच विंचरले. स्वाइनुंग आला नाही. दोन कप मांडले होते, त्यातला एक तिने परत फळीवर ठेवला.

छापायला देण्याआधी प्रत्येक शेताच्या मालकाला आणि शेतावर राहणाऱ्या वडीलधाऱ्याला आपलं प्रकरण वाचायला पाठवायचं, त्याने दुरुस्त्या करायच्या आणि खाली सही करायची, असा आमचा नियम आहे. या नियमापायी खोऱ्यात दोन भाऊबंदक्या आणि एक घटस्फोट झाला आहे, पण नियम म्हणजे नियम. सोल्हाइमचं प्रकरण आता दुसरं होतं. हाल्दिसने ते पाकिटात घातलं, एक चिठ्ठी लिहिली, फाडली, दुसरी लिहिली, तीही फाडली आणि नुसतंच प्रकरण टपालात टाकलं. पुढच्या गुरुवारीही तो आला नाही. बाकी सगळ्या सह्या आल्या. सोमवारी छापखान्यात जायचं होतं. दुकानात तुर्गिल्सची बायको म्हणाली, "स्वाइनुंग फाटकाशी काहीतरी ठोकाठोक करत असतो, कोणाशी बोलत नाही." हाल्दिसने मान हलवली आणि दूध घ्यायला आली होती ते न घेताच परतली.

शुक्रवारी दुपारी अंगणात गाडी थांबली. स्वाइनुंग दारात उभा राहिला, हातात ते पाकीट.

"दुरुस्ती आहे," तो म्हणाला.

"बस," हाल्दिस म्हणाली. "पण आधीच सांगते, पहिल्या प्रकरणाबद्दल असेल तर मी ऐकणार नाही."

"त्याबद्दल नाही. पाटी मी काढली. स्क्रू गंजले होते, आठवडा गेला. आजोबांनी लावली होती, हात उचलत नव्हता." तो खुर्चीत बसला आणि खुर्ची करकरली. "रागावलो होतो, खोटं कशाला बोलू? पहिल्या आठवड्यात तुझ्यावर. दुसऱ्या आठवड्यात स्वतःवर."

"स्वतःवर का?"

"मला वाटायचं, तुला देण्यासारखं माझ्याकडे दोनच गोष्टी आहेत. पहिलं प्रकरण आणि ऊन. पहिलं प्रकरण गेलं. मग बसून आठवलं, तू ऊन तरी कधी मागितलं होतंस?" त्याने मान खाली घातली. "त्या बाकावर चढताना तुझे पाय कापत होते, हाल्दिस. मी पाहिलं. गप्प बसली असतीस तर मला जन्मात कळलं नसतं."

"मला कळलं असतं."

"तेच. रोज सकाळी माझ्यासमोर कॉफी पिताना कळलं असतं." त्याने पाकीट पुढे सरकवलं. "वाच. शेवटचं पान."

शेवटच्या पानावर, रिवाजाप्रमाणे, शेतावर आज राहणाऱ्यांची यादी होती. हाल्दिसने लिहिलं होतं: स्वाइनुंग, विधुर, सोल्हाइम येथे मुलीच्या कुटुंबाजवळ राहतात. त्याने लाल पेन्सिलीने ते खोडलं होतं आणि बाजूला जाडजूड अक्षरांत लिहिलं होतं: स्वाइनुंग, सप्टेंबर संपल्यावर नदीच्या दक्षिण काठावर, शिक्षिका हाल्दिस यांच्या घरी राहायला गेले.

हाल्दिसने ते दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा, कारण अक्षरं पाण्यात पोहायला लागली होती.

"अकरा आठवडे सूर्य दिसत नाही इथे," ती म्हणाली. "तुला माहीत आहे ना? जन्मभर उन्हात काढलेला माणूस तू. डिसेंबरात वेडा होशील."

"होईन. तू आहेस ना शहाणी." स्वाइनुंगने हात टेबलावर ठेवला, तिच्या हाताशेजारी, जरा अंतर राखून. "तिकडे उन्हात एकटा बसून कंटाळलोय मी. माझी सही झाली, आता तू कर."

"हे छापता येणार नाही," हाल्दिस म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "का?"

"जे घडलेलं नाही ते मी छापत नाही. आणि 'सप्टेंबर संपल्यावर' ही काय नोंद झाली? तारीख लागते. दिवस, महिना, वर्ष."

"छापायला कधी जातंय?"

"सोमवारी सकाळी."

स्वाइनुंग उठला. दारापर्यंत गेला आणि वळला. "गाडीत दोन बॅगा आहेत," तो म्हणाला. "तू नाही म्हणालीस तर कपडे दान करायला चाललोय असं सांगणार होतो."

हाल्दिसने लाल पेन्सिल उचलली आणि आजची तारीख घातली. पेन्सिलीनेच. स्वाइनुंगने पहिली बॅग आत आणली, तरी ती हलली नाही. दुसरी बॅग उंबऱ्याच्या आत आली, दार लागलं, तेव्हा तिने शाईचं पेन काढलं आणि ती तारीख पक्की केली.